केंडरांच्या निमित्ताने: मराठी अद्भुतकथाकारांना आणि गेम मास्टरांना खुले पत्र

मराठीत अद्भुतकथा लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांस, किशोर वाचकांच्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे संपादन करणाऱ्यांस, तसेच फासे, कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलाभोवती कथाखेळ रंगवणाऱ्या गेम मास्टरांस,

सविनय नमस्कार.

आपल्यापैकी अनेकजण स्वतःची जगे रचू लागले आहेत, त्यांना नकाशे, देवदेवता आणि वंशावळी देऊ लागले आहेत, याचा एक जुना वाचक आणि खेळाडू म्हणून मला मनापासून आनंद आहे. या जगांत एक बुटकी, भटकी, हसतमुख जमात वारंवार भेटते. तिच्या अंगावर झोळ्या आणि बटवे लटकलेले असतात, तिचे हात चलाख असतात, आणि दुसऱ्याच्या खिशातली वस्तू आपल्या बटव्यात कशी आली हे तिचे तिलाही सांगता येत नाही. ज्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथाखेळ खेळला आहे त्यांना या जमातीचे मूळ गाव सांगायला नको. ती याच खेळाच्या ड्रॅगनलान्स नावाच्या कल्पित जगातल्या केंडरांची भावंडे आहेत. माझे म्हणणे एवढेच, की केंडरांकडून आपण नेमकी नको ती गोष्ट उचलली. त्यांच्या श्रद्धांत आणि रीतिरिवाजांत घेण्यासारखे पुष्कळ होते, ते तिथेच राहिले. आणि जे या मातीत आणताना दहा वेळा विचार करायला हवा होता, ते मात्र विनासायास आले.

ड्रॅगनलान्सचे जग 1984 साली टीएसआर या अमेरिकन कंपनीने खेळाच्या आणि कादंबरीच्या रूपात एकदमच बाजारात आणले. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन ही त्यामागची प्रमुख नावे. त्या काळच्या खेळात एल्फ, बुटके दणकट ड्वार्फ आणि त्यांहून लहानखुरे हाफलिंग हे ठरलेले कल्पित वंश असत, आणि त्यांतला बुटका हाफलिंग बहुधा ‘चोर’ या पेशाचाच असे. ड्रॅगनलान्सच्या कथा जिथे घडतात त्या क्रिन या नव्या जगात हाफलिंग ठेवायचे नाहीत असे ठरले आणि त्यांच्या जागी केंडर आले. अख्खी जमातच्या जमात चोर दाखवणे हिकमन यांना नैतिकदृष्ट्या खटकले, म्हणून ज्यांना मालकी ही गोष्टच उमगत नाही, ज्यांच्या हातांना डोळ्यांइतकेच कुतूहल आहे, असे निरागस लोक तयार केले गेले. दुसऱ्याची वस्तू केंडर ‘चोरत’ नाही. ती पाहायला घेतो, पाहता पाहता विसरतो, आणि कोणी विचारलेच तर ‘तुमच्याकडून पडली असेल, मी जपून ठेवली’ असे मनापासून सांगतो. त्याला चोर म्हटले तर तो खरोखर दुखावतो. म्हणजे ज्यांनी ही जमात घडवली त्यांनाही चोरीचा डाग सलत होता, आणि तो पुसण्यासाठीच बाकीची सगळी संस्कृती रचली गेली. डाग पुरता पुसला गेला नाही, हा भाग वेगळा. पण त्या प्रयत्नातून जे उभे राहिले ते विलक्षण आहे, आणि आपण बोलायला हवे ते त्याबद्दल.

केंडरांची उत्पत्तिकथाच पाहा. रिऑर्क्स या लोहार देवाच्या हातून घडलेले एक करड्या रंगाचे मायावी रत्न जगभर मोकाट फिरू लागते आणि जिथे जाईल तिथे उलथापालथ घडवते. गारगाथ नावाचा एक माणूस ते आपल्या गढीत पकडून ठेवतो. रत्नाच्या मागावर असलेले नोम या बुटक्या जमातीचे लोक गढीला वेढा घालतात आणि अखेर आत शिरतात. काहींना ते रत्न लोभापायी हवे असते. त्यांचे ड्वार्फ होतात. काहींना ते नुसते जवळून पाहायचे असते. त्यांचे केंडर होतात. या कथेत नंतर मतभेद आणि फेरफार झाले, पण तिची रचना मला फार आवडते. एखाद्या जमातीने आपला उगम पराक्रमात किंवा शापात न शोधता नुसत्या ‘बघू तरी काय आहे’ या इच्छेत शोधावा, असे फार कमी वेळा घडते. आणि त्यांचे पुढचे सगळे वागणे या एका बीजातून फुटते. आपण जमात रचताना हा क्रम उलटा करतो, तिथेच घोटाळा होतो: आधी चलाख हात ठरतात, मग हसू येईल असे चार प्रसंग, आणि देवधर्म शेवटी तोंडी लावायला.

विशीच्या आसपास केंडराला भटकंतीचे वेड लागते. तो घरातून निघतो आणि वर्षानुवर्षे फिरत राहतो. याला तिथे कोणी वाया जाणे म्हणत नाही. तो वयात येण्याचा रीतसर टप्पा आहे. सोबत हूपॅक नावाची काठी असते. तिचे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे दुबेळक्याचे, त्याला गोफण बांधलेली. ती काठी टेकत चालता येते, तिने लढता येते, आणि गरगर फिरवली की ती घूंऽ असा आवाज करते. एका वस्तूत एवढी कामे बसवणाऱ्याला प्रवास म्हणजे काय ते कळत होते. लांब केसांचा बुचडा डोक्यावर उंच बांधलेला, अंगभर बटवे, आणि बटव्यांत नकाशे, पिसे, दोऱ्या, गोट्या आणि कोणाची तरी अंगठी. सांगायला गोष्टी तर इतक्या, की ट्रॅपस्प्रिंगर नावाचा एक काका जवळजवळ प्रत्येक केंडराला असतो, आणि कोणतेही अशक्य काम या काकाने पूर्वी केलेलेच असते. सगळ्या जमातीचा मिळून एकच काका, ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये.

नकाशांची गोष्ट थोडी थांबून सांगतो. ड्रॅगनलान्सचा सर्वांत प्रसिद्ध केंडर टॅसलहॉफ बरफूट याच्याकडे नकाशांचा मोठा साठा असतो आणि त्याचा त्याला अभिमान असतो. एका प्रवासात त्याचे सोबती त्याच्या नकाशावर भरवसा ठेवून टार्सिस या सुंदर बंदराकडे निघतात, तिथून जहाज मिळेल या आशेने. पोहोचतात तेव्हा शहर असते, पण समुद्र नसतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या महाप्रलयात किनारा दूर सरकलेला असतो आणि जहाजे कोरड्या जमिनीवर लवंडून पडलेली असतात. टॅसचा नकाशा खोटा नव्हता, जुना होता. भटक्या लोकांचे ज्ञान किती मोलाचे आणि किती ठिसूळ असते हे या एका प्रसंगाने जितके सांगितले, तितके केंडरांच्या बटव्यांवरच्या सगळ्या विनोदांनी मिळून सांगितले नाही. मराठी कथेत असा प्रसंग कोणी उचलल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. विनोद मात्र उदंड आले.

दुसरी गोष्ट भीतीची. केंडराला भीती ठाऊक नसते. ड्रॅगन डोक्यावरून गेला की भल्याभल्या योद्ध्यांचे पाय लटपटतात, आणि केंडर मान वर करून त्याच्या पोटाचा रंग न्याहाळत राहतो. पण शूरपणासाठी आधी भीती असावी लागते, म्हणून केंडर शूर ठरत नाही, आणि ही अडचण त्याच्या निर्मात्यांनी ओळखली होती. त्याच्या निर्भयतेच्या मुळाशी मरणाविषयीची एक साधी श्रद्धा आहे: मरण म्हणजे पुढचा मोठा प्रवास, आणि तोही पाहण्यासारखाच असणार. म्हणून त्यांना दुःख होत नाही असे मात्र नाही. टॅसचा म्हातारा ड्वार्फ मित्र फ्लिंट, जो आयुष्यभर त्याच्यावर खेकसत राहिला, तो वारतो तेव्हा टॅस खचतो. पुढे त्याला कळते की आकाशातला लाल तारा म्हणजे रिऑर्क्सची भट्टी, आणि तिच्या उबेला एका झाडाखाली फ्लिंट लाकूड कोरत त्याची वाट पाहत बसला आहे. परलोकाची इतकी घरगुती, इतकी खात्रीची कल्पना उसन्या धर्मग्रंथातून येत नाही. ती त्या जमातीच्या स्वभावातून येते.

याच टॅसने व्हाइटस्टोनच्या सभेत जे केले ते आठवा. ड्रॅगनांवर हुकमत देणारा एक मायावी गोल मिळवण्यासाठी एल्फ, माणसे आणि सरदार एकमेकांच्या उरावर बसायला निघालेले असतात. तेव्हा हा चार फुटांच्याही आतला भटक्या उठतो, तो गोल उचलतो आणि पांढऱ्या शिळेवर आपटून फोडून टाकतो. ज्याला मालकी कळत नाही असे सगळे समजतात, त्यालाच तिथे मालकीचा झगडा सर्वांत स्पष्ट दिसलेला असतो. केंडरांच्या स्वभावाचा हा कळसाध्याय आहे, आणि त्याचा चलाख हातांशी काडीचाही संबंध नाही.

पुढे मालिकेत मॅलिस्ट्रिक्स नावाची एक महाकाय लाल ड्रॅगन येते आणि केंडरांचे केंडरमोर हे शहर बेचिराख करते. जे वाचतात त्यांना भीती कळू लागते. ते कुलुपे लावतात, अनोळखी माणसाकडे संशयाने पाहतात, गोष्टी सांगत नाहीत. विस्थापनाने एका जमातीचा स्वभावच बदलला, असे या कथानकाने मांडले, आणि बाकीचे केंडर आपल्याच या घाबरलेल्या भाईबंदांना ‘ग्रासलेले’ म्हणू लागले. माझ्या मते एवढ्या भांडवलावर एक उत्तम मराठी कादंबरी उभी राहू शकते. धरणात आणि प्रकल्पांत उठलेल्या गावांची पुनर्वसने पाहिलेल्या या राज्यात तिचा संदर्भ समजावून सांगावा लागणार नाही.

हे सगळे असताना आपण घेतले काय? ‘हात लागला म्हणून घेतले’ हा विनोद. खेळाच्या टेबलावर त्याचे काय होते ते आपण जाणताच. एखादा खेळाडू केंडर घेतो, पहिल्याच पडावावर सोबत्यांच्या पिशव्यांवर फासे टाकू लागतो (म्हणजे त्यांतले काही लांबवता येते का, हे फाशांवर ठरवू लागतो), आणि प्रत्येक वेळी ‘माझे पात्रच तसे आहे’ असे म्हणतो. बाकीच्यांनी चिडायचेही नाही, कारण तो निरागस आहे. तासाभरात कथा बाजूला राहते आणि कोणाची सोन्याची नाणी कुठे गेली यावर वाद सुरू होतो. केंडर खेळू न देणारे गेम मास्टर जगभर आहेत ते यामुळेच. पण टेबलावरचा कंटाळा हा यातला लहान भाग झाला.

मोठा भाग असा, की ज्या कल्पनेने अमेरिकेत फार तर खेळाचा विचका होतो, तिला आपल्याकडे कायद्याचा इतिहास आहे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या याद्या केल्या. पुढे 1911 आणि 1924 साली त्याची व्याप्ती आणि पकड वाढली. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी समाजांतील माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय मुक्काम हलवता येत नसे. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी, देशभर हा कायदा संपला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय जागचा हलला नाही. अगदी 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगांतील जातिभेदासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले, की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नका. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता.

याचा गोष्टीतल्या बुटक्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. मी असे म्हणत नाही की एखादी अद्भुतकथा वाचून कोणी दगड उचलतो. मी म्हणतो ते इतकेच, की ‘भटके आले, सामान सांभाळा’ हे वाक्य ज्या मुलाच्या कानावर घरात पडलेले असते, त्याला आपण तेच वाक्य गंमत म्हणून पुन्हा ऐकवतो. आणि ज्या मुलाच्या वस्तीकडे बोट दाखवून ते म्हटले जाते, तेही मूल आपले मासिक शाळेच्या वाचनालयात वाचत असते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1988 साली मिळाला. ज्या समाजावर चोरीचा शिक्का होता त्याच्या आतून लिहिलेले आत्मकथन मराठीने इतक्या पूर्वी वाचले आहे, तेव्हा आम्हाला कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय मराठी लेखकाला राहिलेली नाही.

या खेळाच्या मालकांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. ट्रेसी आणि लॉरा या ज्या हिकमन दांपत्याने 1983 साली रेव्हनलॉफ्ट हे भयकथेचे साहस लिहिले, त्यांच्या त्या कथेत गाड्यांतून फिरणारे, भविष्य सांगणारे आणि दुष्टाची चाकरी करणारे भटके लोक होते. युरोपातल्या रोमानी लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह त्यांत जसेच्या तसे उतरले होते. जून 2020 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ते जाहीरपणे मान्य केले आणि त्या साहसाच्या नव्या आवृत्तीच्या पुनर्मुद्रणात मजकूर बदलला. म्हणजे जिथून आपण नमुना आणला तिथे तो दुरुस्त होतो आहे, आणि आपण जुन्या साच्यावर नवी मूर्ती काढत बसलो आहोत.

मग भटकी जमात रचायचीच नाही का? जरूर रचावी, पण भटकणे म्हणजे काय हे आधी पाहून. केंडर मनात येईल तिकडे जातो, त्याला पोटाची चिंता नसते, आणि त्याच्या मागे पोलीसपाटील लागत नाही. ते घरात बसून पाहिलेले भटकंतीचे स्वप्न आहे. त्याची गोडीही तीच आणि मर्यादाही तीच. प्रत्यक्षात भटका माणूस वाट्टेल तिकडे जात नाही. त्याचा रस्ता ठरलेला असतो, तो पावसाशी, सुगीशी आणि जत्रांशी बांधलेला असतो. कोणत्या घराण्याने कोणती गावे मागायची याच्या वाटण्या असतात आणि त्यांवरून भांडणेही होतात. गोंधळी, वासुदेव, नंदीबैलवाले, बहुरूपी, चित्रकथी यांच्याकडे गावाला हवे असे काहीतरी असते: देवीचा जागर, पहाटेचे दान, होय-नाहीची मान डोलावणारा बैल, चित्रांवरून सांगितलेले रामायण. मसणजोगी स्मशानाच्या आसऱ्याने राहतो, आणि मरणाशी त्याचा जो व्यवहार आहे तो केंडराच्या ‘पुढच्या प्रवासा’पेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. वर्षभर विखुरलेले लोक तिथे एकत्र येतात, सोयरिकी ठरतात, आणि वर्षानुवर्षे तिथे जातपंचायती बसत आल्या. ज्या लेखकाला बुटक्या भटक्यांची सभा रंगवायची आहे त्याने एकदा तिथली धूळ अंगावर घ्यावी.

यातले सगळे गोड नाही, आणि तेही लिहिले पाहिजे. जातपंचायतींनी माणसे वाळीत टाकली, दंड उकळले, स्त्रियांचे हाल केले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू झाला तो उगाच नव्हे. आपल्या कल्पित जमातीलाही असा कठोरपणा असू द्यावा. तिच्यात कोणी मूर्ख, कोणी कंजूष, कोणी पाताळयंत्री असावा. एखादा चोरही असावा; फक्त त्याने चोरी स्वतःच्या कारणाने करावी, रक्तातून आली म्हणून नव्हे.

संपादकांना माझी विनंती आहे, की अशी कथा हाती आली तर लेखकाला एकच विचारावे: ही जमात रात्री मुक्कामाला थांबल्यावर, आसपास गावातला कोणी पाहणारा नसताना, आपसांत काय बोलते? त्याचे उत्तर कथेत नसेल तर कथा परत पाठवावी. मानधन देत असाल तर परत पाठवताना ते देऊन पाठवावे, म्हणजे दुसरा खर्डा नक्की येईल. आणि भटक्या-विमुक्त समाजांतून आज लिहिणारी तरुण पिढी आहे, तिच्याकडे आत्मकथनाखेरीज दुसरे काही मागायलाच नको असा जो अलिखित नियम झाला आहे, तो मोडून तिच्याकडे ड्रॅगनांची गोष्ट मागावी.

गेम मास्टरांसाठी थोडे व्यवहाराचे. केंडर खेळायचा हट्ट खेळाडूने धरला तर नाही म्हणू नका. पहिल्या बैठकीआधी त्याच्याशी बोलून तीन गोष्टी ठरवून घ्या: त्याच्या काकाने कोणता अशक्य पराक्रम केला, त्याच्याजवळचा कोणता नकाशा जुना झालेला आहे, आणि तो मेल्यावर झाडाखाली त्याची वाट कोण पाहणार आहे. सोबत्यांच्या पिशव्यांवर फासे टाकायचे नाहीत, हे सगळ्यांसमक्ष सांगून टाका. बटव्यातून काय निघते हे त्याला विचारू नका, तुम्ही ठरवा. मागच्या गावच्या म्हातारीने वाटेसाठी दिलेला गूळ निघाला तरी पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फासे आणि पुस्तके दोन्ही बाळगणारा एक मराठी वाचक